गवताच्या स्टेशनातला पाशिंजर

अहो, उद्या तुमचं तेरावं. गहू सडून झाले, गूळ चिरून ठेवलाय, आणि जेवायला कुणी येणार आहे की नाही, हे मला अजून माहीत नाही. आमंत्रण सगळ्यांना केलंय. सुमन म्हणते, "आई, सफाळ्याला माझ्या घरी करू ना. तिथं माणसं तरी येतील." जावईही तेच म्हणतात. पण मी हट्टाला पेटलेय. तुमच्यासारख्या माणसाबरोबर जन्मभर संसार करून एवढा तरी गुण लागणारच. तेरावं इथंच होणार, याच स्टेशनात, वेटिंग रूमच्या फरशीवर पानं मांडून. मग लेक नेईल तिथं जाईन. आणि कुणी आलं नाही, तर ती खीर खाडीत ओतीन आणि दोष तुम्हालाच देईन. दुसऱ्या कुणाला देऊ?

आत्ता भर दुपार आहे. सुमन आत लवंडलीय, जावई बोईसरला पत्रावळी आणायला गेलेत आणि मी प्लॅटफॉर्मच्या कडेला उन्हात बसलेय. आत बसवत नाही. रात्रीची भीती सगळ्यांनाच वाटते हो, मला दुपारची वाटते. लख्ख उजेड असतो, सगळं जागच्या जागी दिसत असतं. तिकिटाची खिडकी, तिची लाकडी झडप, पार्सलचा वजनकाटा, वाळू भरलेल्या लाल बादल्या, काचा अशा पुसलेल्या की आता कुणी येऊन तिकीट मागेल. आणि माणूस नाही. मोडक्या घराचं मला भय वाटत नाही. ते मेलेलं असतं, आपण हळहळतो आणि पुढे जातो. हे असं धडधाकट घर, कुणाची तरी वाट बघत बसलेलं, त्याचं मला फार भय वाटतं. मी हे तुम्हाला हजारदा सांगितलं आणि हजारदा तुम्ही म्हणालात, "तुला भ्यायला काहीही पुरतं."

मला इथं आणलंत तेव्हा गाडी चालू होती. बोईसरहून खाडीकडे काढलेला एवढासा फाटा, लढाईच्या दिवसांत गवताच्या गासड्या न्यायला टाकलेला. दिवसाकाठी एक गाडी यायची, गवत आणि दोन-चार उतारू घेऊन निघून जायची. गावातली माणसं याला गवताचं स्टेशनच म्हणायची. पुढे गवताचा धंदा बसला. घिवलीकडे अणुवीजघराचं काम निघालं, ट्रकांना रस्ता झाला, आणि आपली गाडी बंद झाली. बाकी सगळे बदलून गेले. तुम्ही स्टेशनमास्तर, तुम्हाला सांगण्यात आलं, चार्ज घ्यायला माणूस येईपर्यंत थांबा. रेल्वेतल्या माणसाचं हे एक असतंच. दुसऱ्यानं येऊन, एकेक वस्तू डोळ्यांनी बघून, "घेतला चार्ज" म्हटल्याशिवाय पहिल्याची सुटका नाही. तुम्ही थांबलात. माणूस आला नाही. "येईल," तुम्ही म्हणायचात, "आणि येईल तेव्हा एक काच फुटलेली दिसता कामा नये." मी म्हणायचे, "इथं काचा बघायला येतंय कोण?" यावर तुम्ही कंदिलाची काच राखेनं घासायला घ्यायचात. बायकोला उत्तर द्यायची ही कुठली रीत?

पण खरी पंचाईत वेगळीच होती. कामावर ठिकठिकाणची माणसं येत होती, त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि आपल्याकडे दारं होती, पत्रे होते, सागवानी बाकं होती. याच फाट्यावरच्या आपल्या आधीच्या थांब्याचं, दारं-पत्रे चोरीला जाऊन, एका पावसाळ्यात नुसतं जोतं उरलेलं आपण दोघांनी बघितलं होतं. तुम्ही एकटे, डोळ्यांना चष्मा, अंगात जोर नाही. तुम्ही काय राखणार होतात?

तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. मी पायरीवर वालाच्या शेंगा सोलत होते. दोन माणसं हातगाडी घेऊन आली आणि सरळ वेटिंग रूममधलं बाक उचलायला लागली. मला वाटलं, आता तुम्ही आरडाओरडा करणार. तुम्ही चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणालात, "न्या की. पण आधी त्याला उठवा."

"कुनाला?"

"हा काय, बसलाय ना. शेवटच्या गाडीचं तिकीट काढलं होतं यानं. गाडी चुकली. तेव्हापासून उठलाच नाही. मी सांगून दमलो. बघा, तुमचं ऐकतो का."

बाक रिकामं होतं. ती दोघं बाकाकडे बघत राहिली, मग अशी अलगद खाली ठेवली त्यांनी ते, जणू खरंच कुणी बसलंय. हातगाडी तिथंच टाकून पळाली मेली. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही त्या रिकाम्या बाकाला म्हणालात, "बसा हो, बसा." तेवढं मला आवडलं नव्हतं.

त्यानंतर चोरीचं नाव नाही. तुम्ही देवाला सुद्धा हात जोडायला आळस करायचात, आणि हे भूत मात्र तुम्हाला बरं पावलं. दांडीची काशीबाय सुकट-बोंबील घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची, येता-जाता आपल्या फाटकाशी टोपली टेकायची. एक दिवस मला म्हणते कशी, "वैनी, तुमी कशा गो ऱ्हाता हितं? त्यो पाशिंजर हाय ना तुमच्या टेसनात. डोकीवर काली टोपी, काखंत छत्री. माज्या दिरानं बगितला हाय."

टोपी आणि छत्री आपण त्याला कधी दिलीच नव्हती! मी धावत आत आले, तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही पोट धरून हसलात. "बघ, लोकांनी त्याला कपडेपण केले." तुम्हाला हसू आलं आणि मला घाम फुटला. आपण नुसती हवा सोडली होती, तिला आता डोकं आलं होतं, काख आली होती. त्या दिवसापासून मी त्या बाकावर बसले नाही. केर काढताना बाकाखाली झाडू घातला की वाटायचं, आता पाय आडवे येतील. मला पक्कं माहीत होतं की हे तुमचंच कारस्थान, माझ्यादेखत झालेलं. तरी वाटायचं. तुम्हाला हे कधी कळलं नाही. खोटं आहे हे ठाऊक असल्यानं भीती जात नाही हो, उलट कुणाला सांगायचीही सोय राहत नाही.

आणि तो हिंदी बोलणारा गडी! मी न्हाऊन केस मोकळे सोडले होते आणि आतल्या बाजूनं तिकिटाची खिडकी पुसत होते. दुपारी बाराची वेळ. एकाएकी पलीकडून आवाज आला, "गाड़ी कब आएगी?" मी अशी किंचाळले, अशी किंचाळले, की माझा मलाच आवाज ओळखू येईना. खिडकीत मोकळ्या केसांची किंचाळणारी बाई बघून त्या बिचाऱ्याची बोबडी वळली. गाठोडं टाकून तो रुळावरनं जो धावत सुटला, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. कामावर नवा आला होता, वाट चुकला होता, एवढंच. तुम्ही त्याचं गाठोडं बोईसरला कामगारांच्या झोपड्यांत नेऊन दिलंत. मला वाटलं, खरं काय ते सांगून याल. परत आलात ते हसत. "आता दोन झाले," म्हणालात, "पाशिंजर आणि मोकळ्या केसांची बाई. आता दाराला कुलूप नको."

तेव्हा आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही, लक्षात ठेवा. मी म्हटलं, जा आणि सांगा सगळ्यांना की हे थोतांड आहे. तुम्ही म्हणालात, "अगं, भूत एकदा सोडलं की परत घेता येत नाही." मी म्हटलं, "उद्या तुम्हाला काही झालं तर इथं येणार कोण?" तुम्ही म्हणालात, "मला काय होतंय?" यावर मी अबोला धरला. तुम्ही वाणगावच्या बाजूनं ताडगोळे आणलेत, सोलून वाटीत घालून माझ्यापुढे ठेवलेत. मी ते खाल्ले आणि अबोला सोडला. त्या ताडगोळ्यांनी घात केला, अहो. मी आणखी आठ दिवस तोंड फुगवून बसले असते, तर कदाचित तुम्ही गेला असतात सांगायला.

रागावून रागावून तरी किती रागावू? परसाकडे जायला मला भीती वाटायची म्हणून तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. बाहेर पाठ करून उभं राहायचात आणि मला तुमचा आवाज यावा म्हणून विरारपासून डहाणूपर्यंतची सगळी स्टेशनं मोठ्यानं म्हणायचात. मला उशीर झाला तर उलटी सुरू करायचात. कुठल्या बाईचा नवरा असं करतो? माझ्या बहिणींना सांगितलं असतं, तर त्या हसून मेल्या असत्या, म्हणून सांगितलं नाही. साऱ्या मुलखाला भुताच्या नावानं घाबरवणारा माणूस, घरात माझी भीती मात्र अशी जपून वागवायचा.

आणि मग तो दिवस आला. वैशाखाचं ऊन, पुन्हा तीच दुपारची वेळ. छातीवर हात धरून तुम्ही आलात आणि त्याच बाकावर बसलात. मी पाणी दिलं, ते ओठांवरून खाली आलं. तुम्ही म्हणालात, "कुणाला तरी बोलव." तुम्ही, ज्यांनी कुणी येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, ते तुम्ही.

मी पळाले. वहाणा घालायचं भान नव्हतं. रुळावरची खडी तापलेली, पदर खांद्यावरून गेलेला, अंबाडा कधी सुटला ते कळलं नाही. जवळच्या पाड्यावरची पहिली घरं दिसली तशी मी ओरडायला लागले, "धावा हो, धावा!" माणसं बाहेर होती. मी बघितलं त्यांना. त्यांनी मला बघितलं. ऐन बाराला, स्टेशनाच्या बाजूनं, केस मोकळे सोडलेली, हात वर करून किंचाळत येणारी बाई. एकानं पोराला उचललं आणि आत नेलं. मग एकेक दार लागत गेलं. कड्या लावल्याचे आवाज मला ऐकू आले. मी दारं बडवली. नाव सांगितलं, तुमचं नाव घेतलं, कधी घेतलं नव्हतं ते रस्त्यात उभं राहून मोठ्यानं घेतलं. आतून कुणीतरी रामाचा जप करत होतं. माझ्यापासून वाचायला, अहो. मला भिऊन! साऱ्या जगात माझ्याएवढं भित्रं कुणी नसेल, आणि त्या दिवशी मला भिऊन माणसं कोपऱ्यात दडली होती.

बाजारातून परतणारी काशीबाय वाटेत भेटली. तिनंही आधी टोपली टाकून दिली. मग जवळ येऊन माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "वैनी? तुमीच ना गो?" मी तिचे हात धरले आणि ती हो म्हणाली, चला म्हणाली. प्लॅटफॉर्मचा उतार जिथं सुरू होतो, तिथपर्यंत ती धावत आली आणि तिथं तिचे पाय थांबले. "मी हितवरच, वैनी. आत नाय. माजी लहान पोरा हायेत." मी तिला काय बोलणार? तिचं भय खरं होतं.

मी आत आले तेव्हा तुम्ही मान टेकून बसला होतात. तुम्ही विचारलंत, "आलं का कुणी?" मी म्हटलं, "येतायत." तेवढं खोटं मी तुमच्याशी बोलले. त्यानंतर तुम्ही काही विचारलं नाहीत.

काशीबायनं रस्त्यावरून जाणारा ट्रक थांबवला, चार माणसं आणली. तीही उताराशीच उभी. "बाई, बाहेर आणा, मग बघू," म्हणाली. मी तुम्हाला घोंगडीवर घेतलं आणि ओढत आणलं. वेटिंग रूमचा उंबरा, मग तुम्ही रोज झाडायचात ती फरशी, मग उतार. तुमच्या पायांना लागू नये म्हणून मी मध्ये मध्ये थांबत होते. कुणाला काय लागणार होतं आता? पण थांबत होते. त्यांनी उताराखाली तुम्हाला उचललं आणि मग मात्र सगळं मनापासून केलं. खांदा दिला, लाकडं आणली, जावई येईपर्यंत कुणी हललं नाही. माणसं वाईट नव्हती हो. वाईट कुणीच नव्हतं, हाच तर माझ्या जिवाला घोर लागलाय. भांडायला कुणी उरलं नाही.

दहावं खाडीवर झालं आणि दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. दांडीलाही गेले. दारोदार उभी राहून सांगितलं, की तिथं भूत नव्हतं, ते ह्यांनी रचलेलं होतं, माझ्यासमोर, मी शेंगा सोलताना. तो पाशिंजर खोटा, मोकळ्या केसांची बाई म्हणजे मी, पदर पसरते, पण तेराव्याला या. सगळ्यांनी ऐकून घेतलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. पण एकीनंही "येते" म्हटलं नाही. काशीबायचा दीर तर मला म्हणाला, "वैनी, तुमी रचला आसंल. पर मी बगितला हाय." आता याला काय करणार? तुमचं खरं झालं. परत घेता येत नाही.

म्हणून इथं बसलेय. उद्या पानं मांडीन. आणि ती रिकामी वेटिंग रूम, ती मांडलेली पानं आणि त्यांच्यामागे कुणीच नाही, हे डोळ्यांसमोर आणलं की मी आणखी उन्हात सरकते. आयुष्यभर तुम्ही ज्यांना आत येऊ दिलं नाही, ते लोक तुमच्या तेराव्यालाही आले नाहीत, तर तुमच्या काचा तेवढ्या साबूत राहिल्या एवढंच मी म्हणायचं का?

*

झालं तेरावं. आता सांगते.

पानं मांडली होती, खिरीवर साय धरली होती, सूर्य डोक्यावर आला तरी कुणाचा पत्ता नव्हता. जावई म्हणाले, नैवेद्य दाखवून आपण जेवून घेऊ. तेवढ्यात सुमननं बोट दाखवलं. रुळावरून एक रांग येत होती. पुढे काशीबाय, तिच्यामागे तिचा दीर, पाड्यावरची माणसं, बायका, कडेवरची पोरं. माझ्या तोंडावर दारं लावणारीही त्यांत होती. उताराशी येऊन सगळे थांबले. मी पुढे गेले आणि म्हटलं, "या ना." कुणी पाऊल उचललं नाही. काशीबायनं दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि स्टेशनाकडे बघून हाळी दिली.

"ओ मास्तर! आमी येतो हां!"

ती थांबली. जसं आपण दारात थांबतो, आतून "या" ऐकू येईपर्यंत, तशी थांबली. मग मान हलवली आणि उतार चढून वर आली. तिच्यामागनं एकेक जण. "मास्तर, येतो." "येतो हां, मास्तर." कुणी उपरणं काढून काखेत धरलं, कुणी पोराला सांगितलं, मास्तरांना पाया पड.

मी काशीबायला धरलंच. "तू भ्यायली नाहीस?"

"भ्यायची कशाला? त्यो पयला कोन कुटचा, आमाला ठावा नवता. त्याला भ्यायचो. आता मास्तर हायेत. तेनी त्याला घालवला आसंल. आपल्या मास्तरांना काय भ्यायाचा?"

"अगं, कुणी नाही गं इथं. तो नव्हता आणि हेही नाहीत."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहान पोरीच्या फिरवावा तसा. "तुमाला नाय दिसायचं, वैनी. घरच्या मानसाला दिसत नाय."

सगळे पोटभर जेवले. दोनदा खीर मागून घेतली. बाकावर मात्र कुणी बसलं नाही, म्हणाले मास्तरांची जागा हाय. बायकांनी काचांना हात लावून बघितला. काशीबायच्या दिरानं वजनकाट्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सगला जसाच्या तसा राखला मास्तरांनी." तुम्हाला ऐकायला हवं होतं ते. चार्ज घेणारा माणूस याहून वेगळं काय बोलला असता? जाताना पुन्हा सगळ्यांनी तुमचा निरोप घेतला. "निगतो हां, मास्तर." "वैनींवर लक्ष ठेवा." आणि निवांत, हसत, बोलत, ऊन कललं तशी ती माणसं रुळावरून निघून गेली. त्यांच्या जिवाला किती स्वस्थता होती, अहो.

सुमन भांडी आवरायला मागं गेली. मी उताराखाली जाऊन उभी राहिले. कुणी बघत नव्हतं. मी तुम्हाला विचारलं, "अहो, येऊ का आत?"

मी थांबले. काशीबाय थांबली होती त्याहून खूप जास्त थांबले. मग वर चढले, वेटिंग रूमच्या दारात गेले आणि कितीतरी वर्षांनी त्या बाकावर जाऊन बसले, अगदी मधोमध, हात दोन्हीकडे पसरून. तिथं कुणीही नव्हतं.